मोका गुडगुडण्याआधी

तोरिनो हे कॉफीचं जुनं शहर. आंजेलो मोरिओंदो नावाच्या तिथल्याच माणसानं १८८४ साली वाफेवर चालणारं कॉफीचं यंत्र तिथल्या प्रदर्शनात मांडलं. लुइजी लावाझ्झांनी १८९५ साली किराणा दुकान उघडलं तेही तिथेच. तरी माझ्या ओळखीच्या घरांत एस्प्रेसोचं मशीन मी क्वचितच पाहिलं. एस्प्रेसो प्यायची ती कोपऱ्यावरच्या बारमध्ये, काउंटरला कोपर टेकवून, उभ्या उभ्या. घरी असतो मोका. आठ पैलूंचं, कमरेत बारीक, काळ्या मुठीचं ॲल्युमिनियमचं भांडं. एक नाही, बहुतेक घरी दोन-तीन मापांचे.

नवऱ्याच्या गाड्यांच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं तिथे राहिलो. खालच्या मजल्यावर एक सिन्योरा राहायच्या. त्यांचे वडील फियाटमध्ये कामाला म्हणून नेपल्सकडून आले होते. त्या काळात दक्षिणेतून अशी असंख्य कुटुंबं तोरिनोत आली. मोका मी त्यांच्या ओट्याशी शिकले. पुण्याला परतल्यावर आपला गॅस, आपलं पाणी आणि आपल्याकडे मिळणारी कॉफी घेऊन पुन्हा बऱ्याच गोष्टी जुळवाव्या लागल्या. लोक मोकाबद्दल विचारतात, एक विकत घेतात आणि महिन्याभरात फोन करतात, "अगं, फार कडू होते." ही कडू चव बहुतेक वेळा कॉफीची नसते, आचेची असते. माझं म्हणणं मुख्यतः एवढंच आहे.

१. आधी भांडं उघडून नीट पाहा.

मोकाचे भाग तीन. तळातलं पाण्याचं भांडं, त्यात बसणारी लांब नळीची चाळणी, आणि वरून फिरवून घट्ट करायची किटली. किटलीच्या मधोमध एक पोकळ खांब असतो. तळातलं पाणी तापलं की त्याच्यावर कोंडलेली हवा फुगते, वाफ वाढते आणि दोन्ही मिळून पाण्याला खाली दाबतात. पाण्याला सुटायला वाट एकच, नळीतून वर. ते कॉफीतून जातं, खांबातून चढतं आणि किटलीत पडतं. हा दाब जेमतेम एक-दोन बारचा. बारमधल्या मशीनमध्ये तो नऊच्या आसपास असतो. म्हणजे मोकाची कॉफी एस्प्रेसो नव्हे, आणि तिच्यावर एस्प्रेसोसारखा जाड फेस येत नाही म्हणून हळहळण्यात अर्थ नाही. ती वेगळी कॉफी आहे आणि तशीच चांगली आहे.

पाणी उकळलं की वर चढतं, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात कोंडलेल्या हवेमुळे ते उकळीच्या बरंच आधी चढायला लागतं. म्हणून सुरुवातीची कॉफी बेताच्या गरम पाण्याची असते आणि पुढची अधिकाधिक गरम पाण्याची. शेवटी तळातली पातळी नळीच्या तोंडाखाली गेली की पाण्याच्या जोडीनं वाफ नळीत शिरते. आधीच सगळा अर्क देऊन बसलेल्या भुकटीतून ही तापलेली वाफ जाते. मोका गुडगुडतो, फुरफुरतो तो या वेळी. जळकट, जिभेला चिकटून राहणारी कडू चव मुख्यतः या शेवटच्या घोटाभरात असते. नळी तळाला टेकत नाही, त्यामुळे थोडं पाणी खाली कायमच उरतं. ते उरलंय म्हणून "अजून जरा होऊ दे" म्हणायचं नाही.

२. ॲल्युमिनियम बघून नाक मुरडू नका.

सासूबाई तोरिनोला आल्या तेव्हा मोका हातात घेऊन म्हणाल्या, "इटलीत येऊन जर्मनच्या भांड्यात कॉफी?" आपल्याकडे ॲल्युमिनियमची जी पायरी आहे ती लक्षात घेता हे साहजिकच होतं. पण मोकाचा धातू सहज निवडलेला नाही. आल्फोन्सो बियालेत्ती फ्रान्समध्ये ॲल्युमिनियमचं काम शिकून पिमॉन्टमधल्या आपल्या गावाकडे परतले आणि १९१९ साली क्रुसिनाल्लोला त्यांनी छोटा कारखाना काढला. मोका आला १९३३ साली. तो काळ मुसोलिनीचा. परदेशी मालावर भिस्त नको, देशी धातू वापरा, असा सरकारी धोशा होता आणि इटलीत ॲल्युमिनियमला राष्ट्रीय धातूचा मान मिळाला होता. धुण्याच्या भांड्यात तळाचं गरम पाणी नळीतून वर उसळून कपड्यांवर पडतं, ते पाहून आल्फोन्सोंना मोका सुचला, अशी गोष्ट तिथे सांगतात. खरी असो वा नसो, तत्त्व तेच आहे. लुइजी दे पोंती हे नावही जनक म्हणून घेतलं जातं.

क्रुसिनाल्लो हा ओमेन्या गावाचाच भाग आहे, ओर्ता सरोवराच्या उत्तर टोकाला. नोव्हाराहून आगगाडी जाते. आम्ही गेलो होतो ते सरोवर पाहायला, पण माझा जीव गुंतला भांड्यांत. प्रेशर कुकर आणि स्टीलच्या पातेल्यांसाठी प्रसिद्ध असलेली लागोस्तिना तिथली, आणि डिझायनर भांड्यांची आलेस्सीही तिथलीच. आलेस्सी घराण्यातले आल्बेर्तो हे आल्फोन्सो बियालेत्तींच्या मुलीचे चिरंजीव. म्हणजे स्वयंपाकघरातलं अर्धं इटली एका तळ्याकाठच्या नातेसंबंधांतून निघालं म्हणायला हरकत नाही. आल्फोन्सो आपला मोका आसपासच्या बाजारांत विकत. तो देशभर नेला महायुद्धानंतर त्यांचे चिरंजीव रेनातो यांनी, जाहिरातींच्या जोरावर. बोट वर करून उभा असलेला मिशाळ माणूस पाउल कांपानी यांनी १९५३ साली काढला. तो टीव्हीवर गाजला आणि आजही भांड्यावर असतो. २०१६ साली रेनातो गेले तेव्हा त्यांच्या अस्थी मोठ्या आकाराच्या मोकात ठेवून दफन केल्या.

तर धातूबद्दल. ॲल्युमिनियम उष्णता झटकन आणि सगळीकडे सारखी पसरवतं, आणि आच कमी केली की लगेच ऐकतं. स्टीलचा मोका दिसायला देखणा, घासायला सोपा आणि इंडक्शनवर चालणारा. पण तो उशिरा तापतो आणि उशिरा निवतो, म्हणून थांबवायचा क्षण त्याच्यात पकडायला अवघड. इंडक्शनच असेल तर स्टीलचा घ्या. गॅस असेल तर माझं मत ॲल्युमिनियमला. फक्त झालेली कॉफी त्यात तास-तास ठेवू नका, लगेच कपात ओता.

३. माप कपांवर मोजतात, पण तो कप तुमचा नव्हे.

तीन कपांच्या मोकात तळाच्या भांड्याला असलेल्या वाल्व्हच्या खालपर्यंत साधारण दीडशे मिलिलिटर पाणी मावतं आणि चाळणीत पंधरा-सोळा ग्रॅम कॉफी. त्यातून तीन इटालियन कप निघतात, म्हणजे तीन छोट्या कपांत दोन-तीन घोट. आपल्याकडे दूध घालून पिणाऱ्या दोघांना हे माप पुरतं, काळी पिणाऱ्या एकाला कधी कधी कमीही पडतं.

मोठा मोका घेऊन तो अर्धा भरायचा, हा बेत करू नका. चाळणी अर्धी राहिली की पाण्याला अडवायला काही उरत नाही, ते सुसाट निघून जातं आणि कॉफी पाणचट येते. पाणी कमी भरलं तर वर हवा जास्त कोंडते आणि चढण्याचं गणितच बदलतं. मोका ज्या मापाचा, त्याच मापानं भरायचा. म्हणून तर तिथल्या घरी दोन-तीन असतात. एकट्यासाठी एक, दोघा-तिघांसाठी दुसरा, आणि रविवारी जेवणानंतर मुलं-सुना आल्या की फडताळातून मोठा निघतो.

४. पाणी वाल्व्हच्या खाली. गरम की गार, हे कॉफी पाहून ठरवा.

तळातल्या भांड्याला बाजूला जो पितळी वाल्व्ह असतो, त्याच्या खाली पातळी ठेवायची. दाब अनावर झाला तर वाफ तिथून सुटायला हवी. वाल्व्ह पाण्यात बुडाला तर तिथून वाफेऐवजी उकळतं पाणी उडेल.

गरम पाण्यावरून बरीच वादावादी चालते. हल्लीचे शौकीन सांगतात, आधी वेगळं उकळून घेतलेलं पाणीच घाला, नाहीतर गॅसवर कॉफी करपते. आमच्या सिन्योरा आणि त्यांच्या पिढीतली सगळी माणसं नळाचं गार पाणी घालत आणि त्यांची कॉफी करपलेली मी कधी प्यायले नाही. याचं कारण मला भांड्याच्या रचनेतच सापडतं. गार पाण्यानं सुरुवात केली तर कोंडलेली हवाही गार असते. तिला फुगायला भरपूर वाव असतो आणि पाणी कमी तापमानाला चढायला लागतं. इटालियन घरांतली कॉफी गडद भाजलेली असते. तिला फार गरम पाणी सोसत नाही, म्हणून गार पाणी तिला मानवतं. हलकी भाजलेली कॉफी मात्र सहजी अर्क सोडत नाही, तिला गरम पाणीच लागतं. आपल्याकडे हल्ली चिकमगळूर-कोडगूच्या मळ्यांतली हलकी भाजलेली अरेबिका छान पाकिटांतून मिळते. ती वापरत असाल तर शौकिनांचं ऐका. गडद वापरत असाल तर सिन्योरांचं.

गरम पाणी घातलंत तर तळाचं भांडं फडक्यात धरूनच वरचा भाग फिरवा. मुठीला धरून पिळू नका, मूठ तुटते.

बोअरचं जड पाणी नको. चव तर बिघडतेच, शिवाय वाल्व्हच्या आत क्षार साचतात, आणि ते धोक्याचं. पुण्यात धरणाचं पाणी बरं असतं. सोसायटीत बोअर मिसळत असतील तर फिल्टरचं घ्या.

५. चिकोरी नको.

आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या पुष्कळशा 'फिल्टर कॉफी'त चिकोरी असते, कधी कधी जवळजवळ निम्मी. दक्षिणी फिल्टरमध्ये पाणी आपल्या वजनानं सावकाश झिरपतं, तिथे चिकोरीचा दाटपणा गुण ठरतो. मोकात ती ओली होऊन चिकट होते, जाळी बुजते, पाणी अडतं आणि दाब वाढतो. पाकिटावर बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचा. शंभर टक्के कॉफी हवी.

दळण बारीक रव्यासारखं. एस्प्रेसोसाठी पिठासारखी दळतात, ती इथे अडकते. फ्रेंच प्रेसची भरड कॉफी इथे पाणचट होते. माटुंग्यासारख्या ठिकाणी दुकानदार समोर दळून देतात. त्यांना "मोकासाठी" म्हटलं तर काहींना कळतं, काहींना नाही. रवा सांगितला की सगळ्यांना कळतं.

रोबस्टाला कमी लेखू नका. खास करून दक्षिणेकडच्या इटालियन मिश्रणांत ती हमखास असते. कडवटपणा, दाटपणा आणि जोर तिच्यामुळे येतो. गंमत म्हणजे भारतात पिकणाऱ्या कॉफीत मोठा वाटा रोबस्टाचाच आहे, आणि गेली अनेक वर्षं भारतीय कॉफीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक इटलीच आहे. तोरिनोच्या सुपरमार्केटमधून इटालियन म्हणून मी जी पाकिटं आणत होते, त्यांतल्या काहींत कर्नाटकातलं बी असणार. महाराष्ट्रातही चिखलदऱ्याला कॉफी होते. थोडीच होते, पण तिकडे गेलात तर बी आणून घरी दळून पाहा.

डबा उघडल्यावर कॉफी जितक्या लवकर संपेल तितकं बरं. दळलेली कॉफी पावसाळ्यात आपल्याकडे फार पटकन मरते.

६. दाबू नका.

चाळणी काठोकाठ भरा, चमच्याच्या पाठीनं किंवा बोटानं वरून सपाट करा, काठावरचे कण पुसा. बस्स. मधे डोंगर करून ठेवणारे भेटतात, दातकोरणीनं भोकं पाडणारेही भेटतात. सिन्योरांच्या एका बहिणीचा भोकांवर फार विश्वास होता. दोघींच्या कॉफीत मला फरक कळला नाही. भोकांतून पाणी वाट काढून घेईल आणि बाकीची कॉफी कोरडी राहील, एवढीच भीती वाटते. दाबलीत तर मात्र फरक नक्की कळेल, कारण एक-दोन बारचा दाब घट्ट थरातून पाणी ढकलायला पुरत नाही.

७. सगळा खेळ आचेचा.

झाकण उघडं ठेवा. हे मी सगळ्यांना पहिल्यांदा सांगते आणि सगळे पहिल्यांदा हेच विसरतात. झाकण लावलंत तर आत काय चाललंय ते फक्त कानांनी कळतं, आणि कानांना कळेपर्यंत गुडगुड सुरू झालेली असते.

आच मंद. ज्योत तळाच्या बाहेर दिसता कामा नये. तिकडच्या शेगड्यांना मोकासाठीच म्हणून एक पिटुकला बर्नर असतो. आपला लहान बर्नरही तीन कपांच्या मोकाला मोठाच पडतो. ज्योत बाजूनं वर चाटत जाते, मूठ वितळते आणि रबर कडक होतं. शिवाय शेगडीची जाळी एवढी रुंद की मोका तिच्यात तिरका बसतो. यावर पुण्यात मी दोन उपाय वापरते. घाईत असेन तेव्हा पापड भाजायची जाळी ठेवून त्यावर मोका. वेळ असेल तेव्हा जुना लोखंडी तवा. तव्यावर वेळ जरा जास्त लागतो, पण आच इतकी एकसारखी मिळते की तोरिनोतही मिळत नव्हती. इंडक्शनवाल्यांनाही ही युक्ती चालते. ॲल्युमिनियमला इंडक्शन ओळखत नाही, लोखंडी तव्याला ओळखतं.

काही मिनिटांत खांबाच्या तोंडाशी कॉफी दिसू लागेल. पहिले थेंब जवळजवळ काळे, दाट, आळसावलेले. ती उसळून बाहेर उडत असेल तर आच जास्त झाली. बरोबर आच असेल तर ती खांबावरून ओघळते, उडत नाही. सिन्योरा इथे हात हवेत खाली-वर करत "पिआनो, पिआनो" म्हणत, म्हणजे हळू, हळू. कॉफीला सांगत की मला, ते कधी विचारलं नाही. मग धार तपकिरी होते, वेग घेते. किटली अर्ध्याच्या वर आली की मी गॅस बंदच करते. भांड्यात साठलेली उष्णता उरलेलं काम करते. पुढची धार फिकट होत पिवळसर दिसायला लागते, तिच्यात बुडबुडे येतात. हा थांबायचा इशारा. मोका उचला, तळ ओल्या फडक्यावर टेकवा किंवा नळाच्या धारेखाली क्षणभर धरा. आतली वाफ निवते, दाब पडतो, चढणं थांबतं.

तळ गार करण्याची ही रीत सिन्योरांना माहीत नव्हती. त्या नुसता गॅस बंद करून मोका बाजूच्या थंड बर्नरवर सरकवत. मी एकदा फडकं वापरून दाखवलं तेव्हा त्यांनी कॉफी चाखली, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा आपल्याच रीतीनं केली. त्यांचं चुकत होतं असं म्हणवत नाही, कारण त्यांची आच सुरुवातीपासून इतकी बारीक असे की शेवटी वाफेचा जोरच होत नसे. ज्यांना तेवढा धीर नाही त्यांच्यासाठी फडकं आहे.

दोन-तीन चमचे कॉफी कमी मिळाली तर मिळू दे. ती गुडगुडीतली होती.

८. शंका असेल तर नेपल्सचं भांडं पाहा.

सिन्योरांकडे रविवारी मोका निघत नसे, कुक्कुमेल्ला निघे. मोकाच्या आधी दक्षिणेत घरोघरी हेच भांडं होतं. कल्पना मूळची पॅरिसची, मोरीझ नावाच्या कारागिराची, १८१९ सालची; पण नेपल्सनं ती अशी आपलीशी केली की पॅरिस कुणाला आठवतही नाही. खालच्या भांड्यात पाणी, मधे कॉफीची डबी, वर चोचीचं भांडं उलटं बसवलेलं. पाणी उकळलं की छोट्या भोकातून वाफ येते. गॅस बंद करायचा आणि अख्खं भांडं उलटं करायचं. मग गरम पाणी कॉफीतून थेंब थेंब खाली झिरपतं, पाच-दहा मिनिटं. दाब नाही, गुडगुड नाही. कॉफी आणि पाण्याची गाठ पडते तेव्हा खाली आच नसतेच.

एदुआर्दो दे फिलिप्पो यांच्या १९४६ साली रंगमंचावर आलेल्या 'क्वेस्ती फान्तास्मी' या नाटकात नायक बाल्कनीत बसून समोरच्या शेजाऱ्याला ही कॉफी कशी करायची ते सांगतो. कॉफी झिरपत असताना वास उडून जाऊ नये म्हणून भांड्याच्या चोचीवर कागदाचा छोटा कोन बसवायचा, ही त्याची शिकवण इटलीत नाटक न पाहिलेल्यांनाही ठाऊक असते. सिन्योरा वहीचं पान फाडून असा कोन करत आणि चेहऱ्यावर जराही हसू न आणता बसवत.

कुक्कुमेल्लाची कॉफी मोकापेक्षा सौम्य लागते. आठवड्याच्या धावपळीत ते भांडं जमत नाही, पण एकदा ती कॉफी प्यायलात की मोकातून नेमकं काय वगळायचं हे जिभेला कळतं.

९. ओतण्याआधी ढवळा. दूध घालायला लाजू नका.

किटलीत तळाला पहिली दाट कॉफी असते आणि वर शेवटची पातळ. न ढवळता ओतलीत तर एकाला कडक, दुसऱ्याला फिकी. चमचा किटलीतच एकदा फिरवायचा. पाहुण्यांसमोर करायचं असेल तर आणखी एक मजा आहे: पहिले काही थेंब आले की ते वाटीतल्या तीन-चार चमचे साखरेवर ओतून जोरात फेटायचे. साखर पांढुरकी, मऊ होते, आणि ती कपात टाकून वरून कॉफी ओतली की फेस येतो. हा एस्प्रेसोचा फेस नव्हे, साखरेचा आहे. मुलांना भारी आवडतो.

दुधाबद्दल. इटालियन माणूस दूध घालत नाही, हा समज आपल्याकडे कुठून आला कोण जाणे. जेवणानंतर घालत नाहीत, हे खरं. पण सकाळी घरोघरी मोठ्या वाडग्यात गरम दूध, त्यात मोकातली कॉफी आणि बुडवायला बिस्किटं, हीच न्याहारी असते. त्यामुळे दूध घातलं म्हणून कुणाचा अपमान होत नाही. दूध गरम असावं, उकळून साय धरलेलं नसावं, आणि दूध मोकात कधीही घालू नये. हे सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं, पण एका भाच्यानं पाण्याऐवजी दूध घालून पाहिलंय. वाल्व्ह साफ करायला मीच बसले.

१०. धुताना काथ्या आणि तारेची घासणी लांब ठेवा.

नवीन मोकात पहिल्या दोन-तीन वेळची कॉफी फेकून द्यायची असते. त्यानं कारखान्यातला वास जातो. पुढे रोज वापर झाला की सगळे भाग वेगळे करायचे, गरम पाण्यानं हातानं चोळून धुवायचे आणि वेगवेगळेच वाळत ठेवायचे. ओला मोका जुळवून कपाटात ठेवलात तर आत कुबट वास धरतो आणि पांढरे डाग पडतात.

साबण लावला तर प्रलय होईल असं इटलीत मानतात. आत कॉफीचा थर बसू द्यावा, त्यानं चव येते, म्हणतात. मला हे पटत नाही. कॉफीतलं तेल जुनं झालं की खवट होतं आणि त्याची चव पुढच्या कपात उतरते. अधूनमधून सौम्य साबणाचा हात फिरवून भरपूर पाण्यानं धुतलात तर काही बिघडत नाही. डिशवॉशर मात्र नको. त्यातल्या पावडरीनं ॲल्युमिनियम काळं पडतं आणि ते काळं मग हाताला लागत राहतं.

आमच्याकडच्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात माझा मोका तारेच्या घासणीनं असा लख्ख केला की मिशाळ माणसाची मिशी गेली. बाहेरून चकाकी आली ते ठीक, पण आतूनही ओरखडे पडले. आता मोका मी स्वतः धुते आणि मावशी त्याला हात लावत नाहीत. क्षार साचले तर तळाच्या भांड्यात पाणी आणि लिंबाचा रस घालून, चाळणीत कॉफी न भरता, एकदा चढवून घ्यायचं.

११. रबर बघत राहा.

किटलीच्या खालच्या बाजूला जाळी आणि तिच्याभोवती रबरी रिंग असते. कुकरच्या रिंगसारखंच तिचंही आयुष्य ठरलेलं. रोज वापर असेल तर वर्षाकाठी बदलावी. ती कडक झाली, चिरली की जोडावरून पाणी आणि वाफ फुसफुसते, वर दाब पोचत नाही, आणि माणूस आच वाढवत बसतो. कॉफी अचानक बिघडायला लागली तर कॉफीचं पाकीट बदलण्याआधी रिंग बोटानं दाबून पाहा. जाळी काढून उजेडाकडे धरा. भोकं बुजलेली दिसली तर टाचणीनं मोकळी करा. वाल्व्हच्या मधली दांडी असेल तर ती आत-बाहेर हलते ना, तेही बघा. हलत नसेल आणि लिंबानं सुटत नसेल तर तो मोका गॅसवर चढवू नका.

इटलीहून कुणी येणार असेल तर लोक त्यांना मोका आणायला सांगतात. मोका आता इथेही सहज मिळतो. मागवायचीच तर रिंग मागवा, दोन-चार एकदम. सांगताना नुसतं "तीन कपांची" म्हणू नका. कंपनीचं नाव सांगा आणि मोका ॲल्युमिनियमचा की स्टीलचा तेही सांगा, कारण तीन कपांच्या रिंगा कंपनीगणिक एकमेकींना बसत नाहीत, आणि स्टीलच्या मोकाची ॲल्युमिनियमच्याला तर मुळीच बसत नाही.